आपत्तीतला पोलीस अधिकारी कसा घडतो?

पूर आला, इमारत कोसळली, बोअरमध्ये पोर पडलं, की सगळ्यांत आधी पोलीस येतात. मग लोक विचारतात, आणि रास्तच विचारतात : चोर पकडणं आणि बंदोबस्त लावणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांना वाहत्या पाण्यातून माणूस काढायला, ढिगाऱ्याखालचा आवाज ओळखायला शिकवतं कोण? पोलीस खात्यात आपत्तीचा असा वेगळा अधिकारी असतो का? असला, तर त्याची वाट कुठून सुरू होते आणि कुठवर जाते?

उदाहरणं शक्यतो एकाच जिल्ह्यातली घेऊ. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचं अहमदनगर. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटर, चौदा तालुके. वरच्या टोकाला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीचा न थांबणारा पाऊस, खालच्या टोकाला जामखेड-कर्जतचं टँकरवर जगणारं रान. मधून प्रवरा, मुळा, गोदावरी, सीना वाहतात. शिर्डी आणि शिंगणापूरची गर्दी बारमाही, आणि हंगामात साखर कारखान्यांच्या भोवती ऊसतोड कामगारांच्या कोप्या. एवढं सगळं एकाच पोलीस अधीक्षकाच्या हद्दीत येतं.

१. पहिला फोन पोलिसांनाच का?

कारण अगदी साधं आहे. रात्री तीन वाजता ज्या सरकारी कार्यालयाचा दिवा चालू असतो, ते पोलीस ठाणं. तलाठी घरी असतो, तहसील बंद असतं, अग्निशमन बंब मोठ्या गावापुरता असतो. ११२ क्रमांक फिरवला की फोन पोलिसांच्याच यंत्रणेत जातो. शिवाय वायरलेस, गाड्या, आणि हुकूम मिळताच निघणारी माणसं या तिन्ही गोष्टी एकत्र पोलिसांकडेच असतात.

पण पहिले पोचणारे पोलीस असले, तरी प्रमुख पोलीस नसतात. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण ठेवलं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, आणि पोलीस अधीक्षक पदसिद्ध सदस्य. म्हणजे धरणाचं पाणी, दवाखान्यातल्या खाटा, शाळांमधली निवाऱ्याची सोय, खाजगी जेसीबी ताब्यात घेणं हे सगळं एका माणसाच्या सहीने चालतं, आणि पोलीस अधीक्षक त्याच्या शेजारी बसतो.

मग एवढ्या खात्यांची माणसं एकमेकांच्या पायात न येता काम कशी करतात? गावजेवण आठवा. शंभर वाढपी, दहा आचारी, पंगतीवर पंगती. ज्याला हवं तो उठून कोठीत शिरू लागला, तर पहिल्याच पंगतीला बुंदी संपेल आणि शेवटच्या पंगतीला नुसता भात उरेल. म्हणून कोठीवर एक जाणता माणूस बसवतात. काय किती बाहेर जाणार हे तो ठरवतो, वाढपी त्याला विचारतो, आणि आचारी पंगतीत जाऊन कुणाला काय हवं ते विचारत बसत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम’ या नावाने जी कामाची पद्धत सांगितली, तिचा गाभा हाच : घटनास्थळी एकच प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष काम, नियोजन आणि सामान अशा वेगळ्या शाखा, आणि एका माणसाच्या हाताखाली थेट साधारण पाचच माणसं.

नव्या पोलीस अधिकाऱ्याला इथेच अडचण येते. ठाण्यात तो सर्वेसर्वा असतो. आपत्तीत त्याला कधी प्रमुख व्हावं लागतं, कधी वाढपी. अर्ध्या तासात ही भूमिका दोनदा बदलू शकते.

२. वाकडीची विहीर

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात संध्याकाळी एक मांजर विहिरीत पडलं. विहीर पडीक होती आणि बायोगॅससाठीच्या शेणाचा साठा तिच्यात होता. मांजर काढायला एक जण उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण गेले. पाच जण मरण पावले. सहावा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांना तो ओढून घेता आला.

आपत्ती-बचावाचा पहिला धडा मी याच घटनेपासून शिकवला असता. आत काय घडलं ते पाहू. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. मिथेन हवेपेक्षा हलका, पण उरलेले दोन जड, ते तळाशी साचतात आणि चांगल्या हवेला वर ढकलतात. तिथे प्राणवायू दहा टक्क्यांच्या खाली गेलेला असेल, तर धडधाकट माणूसही थोड्या श्वासांत भान हरपून पडतो. त्याला गुदमरल्यासारखं वाटायलाही वेळ मिळत नाही, म्हणून तो ओरडत नाही. वरच्यांना वाटतं, पाय घसरला असेल. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. ‘आता वास येत नाही, म्हणजे गॅस गेला’ हा समज त्यामुळे जीवघेणा ठरतो.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहायची रीत आपल्याकडे होती. ज्योत विझली तर उतरायचं नाही. शेणाच्या खड्ड्यात तेही करू नये, कारण मिथेन पेट घेतो.

मग पथक काय करतं? सगळ्यांत आधी काठावरच्या माणसांना मागे घेतं. एका दोरीला वायुमापक बांधून तो खाली सोडतात. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, प्राणवायू कमी झाला की किंचाळायला लागतं. मग पंख्याने किंवा कॉम्प्रेसरने ताजी हवा आत ढकलतात. उतरणाऱ्याच्या पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर घट्ट मुखवटा, अंगात पट्ट्यांचा साज आणि वर तिपाईवरून आलेला दोर. सिलिंडर सराईत माणसाला साधारण अर्धा तास पुरतो, आणि त्यातला शेवटचा भाग वर येण्यासाठी राखून ठेवायचा असतो. वर एक माणूस फक्त घड्याळ पाहायला उभा असतो. त्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही.

आता गावातल्या ठाण्याच्या हवालदाराकडे यातलं काहीच नसतं. तरी त्याला एक गोष्ट करता येते, आणि तीच सर्वांत मोलाची : पाचवा माणूस उतरत असताना त्याचा दंड धरून त्याला थांबवणं. आत त्याचा भाऊ असतो, बाप असतो. तरीही थांबवणं. हे करायला गणवेशाचा अधिकार लागतो आणि आत काय चाललंय याची समजही लागते. पहिली गोष्ट खातं देतं. दुसरी शिकवावी लागते.

३. खाकीतून केशरी गणवेशाकडे

ही समज कुठे मिळते? अधिकारी होण्याच्या मुख्य वाटा तीन. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन आयपीएस झालेले हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत शिकतात. राज्य लोकसेवा आयोगातून उपअधीक्षक किंवा उपनिरीक्षक झालेले नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. तिसरी वाट सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांची. पहिल्या दोन वाटांवर मुख्य अभ्यास कायदा, तपास आणि बंदोबस्ताचा असतो. आपत्तीचं खरं शिक्षण नंतर, नेमणुकीवर मिळतं.

राज्यात ती नेमणूक म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दल, एसडीआरएफ. त्याचे जवान राज्य राखीव पोलीस दलातलेच, धुळे आणि नागपूर इथे ठेवलेले. देशपातळीवर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, एनडीआरएफ. २००६ मध्ये आठ बटालियननी सुरू झालेलं हे दल आता सोळा बटालियनचं आहे. माणसं सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी अशा दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात. एका पथकात पंचेचाळीसच्या आसपास माणसं : अभियंते, तंत्रज्ञ, विजेचं काम जाणणारे, वैद्यकीय सहायक, श्वान आणि त्यांना हाताळणारे. महाराष्ट्रासाठीची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगाव-सुदुंबरे भागात आहे. नागपूरला १९५७ पासून नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र होतं, त्याच परंपरेत आता एनडीआरएफची अकादमी उभी राहिली आहे.

या दलाचा महासंचालक आयपीएस अधिकारी असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला आणि भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ सुरू केलं, तेव्हा या पदावर अतुल करवाल होते. गुजरात केडरचे हे अधिकारी २००८ मध्ये एव्हरेस्टवर गेलेले, आणि नंतर हैदराबादच्या अकादमीचे प्रमुखही राहिलेले. त्यांच्या पथकांनी नूरदागी गावात ढिगाऱ्यातून दोन मुली जिवंत काढल्या.

बटालियनचा प्रमुख मात्र बहुतेक वेळा केंद्रीय दलातला समादेशक असतो. मराठी वाचकांना यातलं सर्वांत जवळचं नाव आलोक अवस्थी. २०११ च्या मार्चमध्ये जपानला त्सुनामीने झोडपलं, तेव्हा एनडीआरएफची ४६ जणांची तुकडी त्यांच्या नेतृत्वाखाली ओनागावा भागात गेली. दलाची ही पहिली परदेशी मोहीम. फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांची टांगती भीती, हाडं गोठवणारी थंडी, भाषा परकी. तीन वर्षांनी, ३० जुलै २०१४ ला, आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला, तेव्हा पाचव्या बटालियनचे समादेशक म्हणून तेच अवस्थी तिथल्या चिखलात उभे होते. जपानमध्ये शिकलेलं माणूस माळीणला कामी येतं, असा हा पेशा आहे. ज्याने आधी एकदा ढिगारा पाहिला आहे, त्याला दुसरा ढिगारा वाचता येतो.

वाचता येतो म्हणजे काय? माळीणच्या आणि महाडच्या ढिगाऱ्याची तुलना करून पाहा. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला पाच मजली इमारत पडली. काँक्रीटच्या स्लॅब तिरप्या पडल्या की त्यांच्याखाली पोकळ्या राहतात, आणि पोकळीत हवा असते. म्हणून तिथे सुमारे १९ तासांनी चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला. चिखल तशा पोकळ्या ठेवत नाही, तो सगळं भरून टाकतो. माळीणला एक तान्हं बाळ आणि त्याची आई वाचली, पण मृतांची संख्या १५१ वर गेली. स्लॅबच्या ढिगाऱ्यावर जेसीबी घाईने चालवणं म्हणजे पोकळी चिरडणं. तिथे आधी सगळी यंत्रं बंद करतात, लोकांना गप्प करतात, ढिगाऱ्यावर कान आणि श्रवणयंत्र लावतात, लोखंडी सळीवर तीनदा ठोकतात आणि थांबून ऐकतात. ही शांतता पाळायला लावणं स्थानिक पोलिसांचं काम. बाहेर शेकडो माणसं, रडणं, मोबाइल, वाहनांचे हॉर्न. दोन मिनिटं कुणी श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. बंदोबस्ताचं शिक्षण इथे थेट माणूस वाचवतं.

४. क्युसेक वाचता येणं

पावसाळ्यात नगरच्या नियंत्रण कक्षात निरोप येतो : ‘निळवंडे धरणातून दहा हजार क्युसेक विसर्ग सुरू.’ पोलीस अधिकाऱ्याने या आकड्याचं काय करायचं?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. पाथर्डी-जामखेडला उन्हाळ्यात येणारा टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर नदीत रिकामे होत आहेत. मिनिटाला जवळपास सतराशे.

दुसरा हिशोब वेळेचा. धरणाचा साठा टीएमसीत सांगतात, म्हणजे शंभर कोटी घनफूट. भंडारदरा सुमारे ११ टीएमसीचं, निळवंडे ८.३, मुळा २६. दहा हजार क्युसेकने एक टीएमसी पाणी जायला एक लाख सेकंद लागतात, म्हणजे साधारण अठ्ठावीस तास. धरण भरलेलं असेल आणि वर घाटघरला पाऊस चालूच असेल, तर हा विसर्ग रात्रीपुरता नाही, हे अधिकाऱ्याला आकड्यावरूनच कळलं पाहिजे. पुलावर लावलेली माणसं दुसऱ्या पाळीने बदलावी लागणार, हे त्याने तेव्हाच ठरवायचं.

तिसरा हिशोब जोराचा, आणि लोक इथेच सर्वांत जास्त फसतात. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट. तिप्पट झाला, तर नऊपट. काल गुडघाभर पाण्यातून चालत गेलेला माणूस आज गुडघाभरच पाणी पाहून पुन्हा उतरतो, पण पाणी तिप्पट वेगाने चाललेलं असतं. पोलिसाने पुलावर आडवा बांबू लावला की त्याच्याशी हुज्जत घालणारा प्रत्येक जण कालचं सांगत असतो.

५. सुगाव, २३ मे २०२४

अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत २२ मे २०२४ ला दोन तरुण बुडाले. शोधासाठी धुळ्याहून एसडीआरएफचं पथक आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाची बोट पाण्यात गेली, भोवऱ्यात सापडली आणि उलटली. पोलीस उपनिरीक्षक प्रकाश शिंदे, शिपाई वैभव वाघ आणि राहुल पावरा हे तिघे त्यात गेले. वाट दाखवायला बोटीत बसलेला एक स्थानिक माणूसही गेला. त्याच आठवड्यात, २१ मे ला, उजनी जलाशयात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले होते. बचावकार्य करणारी माणसं त्या दिवसांत आधीच ताणलेली होती.

नदीत भोवरा कसा तयार होतो, हे इथे समजून घेऊ. पाणी एखाद्या बंधाऱ्यावरून किंवा खडकाच्या कड्यावरून खाली कोसळतं, तळ गाठतं आणि थोड्या अंतरावर वर उसळतं. वर आलेलं सगळं पाणी पुढे जात नाही. त्यातलं काही पृष्ठभागावरून मागे, कोसळणाऱ्या धारेकडे वळतं. तिथे एक आडवा रहाट फिरत राहतो. काठावरून पाहणाऱ्याला तो भाग उलट शांत वाटतो. त्यात शिरलेली बोट धारेकडे ओढली जाते, मागचा भाग पाण्याखाली येतो, बोट भरते. शिवाय तिथलं पाणी फेसाळ असतं, म्हणजे हवा मिसळलेलं. असं पाणी माणसाला नेहमीइतकं उचलून धरत नाही. लाइफ जॅकेट अंगात असूनही माणूस आत खेचला जातो, वर येतो, पुन्हा आत जातो.

जगभरच्या बचाव पथकांत एक नियम मानतात. जिवंत माणसाला वाचवायचं असेल, तर पथकाने मोजून-मापून मोठा धोका पत्करावा. मृतदेह शोधायचा असेल, तर अजिबात पत्करू नये. ऐकायला निर्दय वाटतं. पण बुडून रात्र उलटून गेलेली असते, तेव्हा पाण्याखाली जिवंत कुणी नसतं, आणि बोटीत बसलेले जिवंत असतात.

हा नियम पाळणं बोटीतल्या उपनिरीक्षकावर सोडून चालत नाही. काठावर आई बसलेली असते, गाव जमलेलं असतं, ‘एवढ्या लांबून आलात आणि उभे काय राहिलात?’ असं कुणीतरी विचारतच असतं. तिथे वरिष्ठ अधिकारी लागतो. त्याने पाटबंधारे खात्याला फोन करून वरून येणारं पाणी काही तास थांबवता येईल का ते विचारायचं. त्याने दोन्ही तीरांवर फेकदोर घेऊन माणसं उभी करायची, बोटीला दोन्ही बाजूंनी ताण द्यायचा, आणि यातलं काहीच जमत नसेल तर आईसमोर बसून सांगायचं की आज बोट जाणार नाही. पोलीस खात्यात आपत्तीत खास तयार झालेला वरिष्ठ अधिकारी हवा, असं मला वाटतं, ते या एका फोनसाठी आणि या एका नकारासाठी. तिघा जवानांना शासकीय इतमामात निरोप दिला गेला, तो त्यांचा मान होता. पण त्यांच्यानंतर बोटीत बसणाऱ्यांना हा नकार देणारा कुणी मिळाला, तर त्यांचं अधिक देणं फिटेल.

६. कोपर्डीची बोअर

१३ मार्च २०२३ च्या संध्याकाळी कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत ऊसतोड कामगाराचं पाच वर्षांचं लेकरू उघड्या बोअरमध्ये पडलं. ते सुमारे पंधरा फुटांवर अडकलं होतं. एनडीआरएफ आलं, शेजारी खड्डा खणला, पण पहाटे त्याचा मृतदेहच हाती आला.

शेजारी खणतात, कारण बोअरमध्ये वरून हात घातला तर माती पोरावरच ढासळते. म्हणून काही फूट अंतरावर मोठा खड्डा समांतर खाली नेतात आणि तळापासून आडवा बोगदा काढतात. तोवर नळीने प्राणवायू आत सोडत राहतात. जेसीबी जितका जवळ, तितकी कंपनं जास्त आणि पोर आणखी खाली सरकण्याची भीती जास्त. मग शेवटचे काही फूट हाताने, खुरप्याने. यात रात्र जाते.

ही आपत्ती पूर्ण टाळता येण्याजोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलं आहे : बोअर घेण्यापूर्वी पंधरा दिवस कळवायचं, खोदताना कुंपण आणि फलक लावायचा, बोअरच्या नळीभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा, तोंडाला पोलादी झाकण बसवायचं, आणि कोरडी गेलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरायची. पोलीस पाटील आणि ठाण्याचा बीट हवालदार यांनी कारखान्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कोप्यांच्या आसपासच्या उघड्या बोअर मोजल्या, तर ते आपत्ती-प्रतिसादाचंच काम आहे. त्याचं पदक कुणाला मिळत नाही.

७. शोध कधी थांबवायचा?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीला रस्ता नाही, यंत्र चढेना, सगळं हाताने उकरायचं. चार दिवसांत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं मिळाली नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला. तो निर्णय प्रशासनाचा, पण खाली आता काय शक्य आहे ते एनडीआरएफचा अधिकारी सांगतो, आणि नातेवाइकांशीही बोलणं होतं. पाऊस चालू असेल, तर वरची उरलेली माती पथकावर येऊ शकते, हाही हिशोब त्यात असतो.

त्यानंतर पोलिसांचं दुसरं काम सुरू होतं, ज्याची छायाचित्रं छापून येत नाहीत. प्रत्येक मृत्यूची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद, पंचनामा, ओळख. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १९४ खाली येतं. हातातली बांगडी, खिशातली चिठ्ठी, जुन्या मोडलेल्या हाडाची खूण, शेवटी डीएनए. ओळख चुकली, तर एका घरात खोटं सुतक आणि दुसऱ्या घरात खोटी आशा. बेपत्ता माणूस एरवी सात वर्षं ऐकिवात नसेल तरच कायदा त्याला मृत मानतो. मोठ्या दुर्घटनेत शासन वेगळी कार्यपद्धती करून ही मुदत टाळतं, नाहीतर वारसाला मदत, जमीन, बँकेतले पैसे काहीच मिळायचं नाही. हे सगळं ज्या पंचनाम्यावर उभं असतं, तो चिखलात उभं राहून एक हवालदार लिहीत असतो.

कधी वाचवणाऱ्यालाच तपासही करावा लागतो. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण गेले. सकाळी रुग्ण बाहेर काढण्यासाठी वाट मोकळी करायची, आणि दुपारपासून तीच जागा पुरावा म्हणून सील करायची. घाईत हलवलेली एखादी वायर पुढे न्यायालयात हवी असते. म्हणून शिकलेला अधिकारी बचाव चालू असतानाच एका माणसाला फक्त छायाचित्रं काढायला आणि वेळ लिहायला बसवतो.

८. मग हा अधिकारी जातो कुठे?

बदलीवर जातो. एनडीआरएफमधली प्रतिनियुक्ती संपली की तो मूळ दलात परततो. आयपीएस अधिकारी पुढे एखाद्या आयुक्तालयात किंवा परिक्षेत्रात जातो. राज्य राखीव दलाचा समादेशक आज धुळ्यात, उद्या दुसऱ्या गटावर. उपअधीक्षक, अधीक्षक, उपमहानिरीक्षक, महानिरीक्षक या शिडीवर आपत्तीची वेगळी पायरी नाही. सायबर गुन्ह्यांचा किंवा दहशतवादविरोधी कामाचा अधिकारी निदान त्याच विषयाच्या शाखेत पुन्हा येतो. पूर पाहिलेल्या अधिकाऱ्याला पुढचा पूर मिळेल, याची काहीच व्यवस्था नाही. माझ्या मते हे मोठं नुकसान आहे, आणि ते भरून काढणं अवघड नाही.

एक तर ज्यांनी एनडीआरएफ किंवा एसडीआरएफमध्ये काम केलं आहे, त्यांची नोंद पोलीस मुख्यालयाने ठेवावी, आणि पावसाळ्यापूर्वी अशा अधिकाऱ्याला पूरप्रवण परिक्षेत्रात नेमावं. निवडणुकीसाठी बदल्यांचे नियम काटेकोर पाळले जातात, तसेच पावसाळ्यासाठीही पाळता येतील. दुसरं, प्रत्येक मोहिमेनंतर काय चुकलं याचा लेखी अहवाल नाशिकच्या अकादमीत शिकवण्यासाठी जावा. वाकडी, सुगाव, कोपर्डी हे तीन धडे पुढच्या प्रत्येक उपनिरीक्षकाने प्रशिक्षणातच वाचलेले असावेत.

तिसरी गोष्ट अंतराची. धुळ्याहून अकोल्याला यायला पथकाला निदान चार तास हवेत, आणि पाण्यात माणूस चार मिनिटांत जातो. जामखेड तालुक्यात कुसडगावला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १९ आहे. तिथल्या जवानांची एक तुकडी आपत्तीसाठी तयार केली, तर सीनेच्या काठाला आणि शेजारच्या बीड-धाराशिवला ती लगेच पोचेल. अकोल्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण कुसडगाव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आणि अकोले वायव्य टोकाला. प्रवरेसाठी संगमनेरला बोट, फेकदोर आणि पोहण्यात तयार केलेले वीस पोलीस कायमचे हवेत. त्यांच्यावर एक असा उपअधीक्षक हवा, ज्याच्या फोनमध्ये भंडारदऱ्याच्या शाखा अभियंत्याचा नंबर आधीपासून असेल.